पाप कुठे रुजते?

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान झाले की आपल्याकडे तुळशीवृंदावनापाशी कारीट फोडायची चाल आहे. ते इवलेसे फळ डाव्या पायाच्या अंगठ्याने चिरडायचे, 'गोविंदा, गोविंदा' असा गजर करायचा, कडू रसाचे बोट जिभेला लावायचे आणि नरकासुर मेला असे समजून फराळाला बसायचे. विधी गोड आहे. पोरासोरांना त्याचे कौतुक तर विचारू नका. पण त्या कारिटाची बाजू कधी कोणी ऐकली आहे काय? कुंपणावरच्या वेलीला लागलेले ते एक साधे कडू फळ. त्याने कोणाच्या लेकी कोंडून ठेवल्या नव्हत्या. पण मनातल्या असुरावर पाय देणे कठीण, आणि कारीट तर पायाशीच सापडते.

माणसाची ही खोड जुनी आहे. आपल्या हातून घडणाऱ्या वाइटाचे खापर ठेवायला त्याला काहीतरी मुके लागते. आणि झाडाइतके मुके दुसरे काय असणार? आमच्या शहापूर-मुरबाडच्या रानात चैत्राच्या सुमारास ज्याच्या फुलांचा सडा पडतो, त्या झाडाचे नावच आपण 'मोह' ठेवले आहे. जाणकार सांगतील की हा शब्द संस्कृत 'मधूक' या नावावरून आला, मोहमायेशी त्याचे नाते नाही. ते खरेच असेल. पण ऐकणाऱ्याच्या कानाला कोण समजावणार? दारू पिणारा पितो आणि नाव झाडाचे होते.

गांजाचे झाड तर याहूनही बदनाम. वर्तमानपत्रात अधूनमधून छायाचित्र येते. उपटलेल्या झाडांच्या मोळ्या पुढे मांडलेल्या, मागे पोलीस ओळीने उभे, आणि एका कडेला तोंडावर फडके बांधलेला कोणी शेतकरी. झाडांचे वजन होते, मोजदाद होते, पंचनामा होतो. ते चित्र पाहताना मनात येते की यातला गुन्हेगार नेमका कोणता?

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. नीतिशास्त्राचे मोठे ग्रंथ माझ्या वाट्याला आले नाहीत. परंतु कादंबरी लिहिणाराला एक गोष्ट अनुभवाने कळते. खलपुरुष उभा करायचा तर त्याला दुसरी वाट मोकळी असावी लागते. चांगले वागता आले असते आणि तरी वाईट वागला, असे ज्याच्याविषयी म्हणता येते तोच खल. झाडाला दुसरी वाट नसते. ते पाऊस पडला की उगवते आणि ऋतू आला की फुलते. तेव्हा झाडाला दोष नाही, हे प्रकरण एवढ्यावरच मिटले. खरा प्रश्न झाडाचा नाही, लावणाराचा आहे.

तो विचारण्यापूर्वी या झाडाची थोडी ओळख करून घेऊ. गांजाचे झाड एका वर्षाचे. पावसाळ्याच्या तोंडाशी बी पडले की ते वाढत जाते, आणि दिवस लहान होऊ लागले, रात्री वाढल्या, की त्याला फुलोरा धरतो. यात नराचे झाड वेगळे आणि मादीचे वेगळे. ज्याला गांजा म्हणतात तो मादीच्या झाडाचा राळेने चिकट झालेला फुलोरा. नराचा पराग त्यावर पडला की बी धरते आणि माल हलका होतो, म्हणून लागवड करणारा नराची झाडे आधीच हेरून उपटून टाकतो. पूर्वी बंगालात तर नर झाडे ओळखणारे खास जाणते माणूस मजुरीने बोलावीत. या झाडाला साचलेले पाणी सोसत नाही, मुळे कुजतात. आमच्याकडचा पाऊस धो धो, आणि भाताची खाचरे चार महिने पाण्याखाली. तेव्हा आमच्या भागात ते लावायचे तर निचऱ्याची वरकस जमीन शोधावी लागेल, आडोसा शोधावा लागेल, पाळत ठेवावी लागेल. मोह रानात आपोआप येतो. गांजाचा मळा आपोआप होत नाही. त्याच्यामागे माणसाचे डोके आणि माणसाचा हेतू असावाच लागतो. 'उगवले, त्याला मी काय करू' हे उत्तर कुंपणाच्या एखाद्या रानटी झाडापुरते ठीक. पण नर वेचून काढलेल्या मळ्याला ते लागू पडत नाही.

मग हेतू असला की पाप झाले, असे म्हणावे काय? कोणी म्हणेल, कायदा काय सांगतो ते पाहा म्हणजे झाले. पाहू या. मुरबाडहून माळशेजचा घाट चढून गेले की रस्ता आळेफाट्यावरून अहमदनगरकडे जातो. त्या जिल्ह्याला आज अहिल्यानगर म्हणतात. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यातला गांजा मुख्यतः त्याच जिल्ह्यात पिकत असे, उघड्या शेतात पिकत असे, आणि सरकार त्यावर कर घेत असे. १८९३ साली सरकारने भांग-गांजाच्या चौकशीसाठी एक आयोग नेमला. त्याने देशभर फिरून ११९३ साक्षी घेतल्या आणि १८९४ च्या अहवालात निर्वाळा दिला की माफक सेवनाने फारसे नुकसान होत नाही. सरसकट बंदीची गरज नाही आणि ती शहाणपणाचीही नाही. आयोगातल्या दोघा हिंदी सभासदांनी मात्र आपले मत वेगळे नोंदवले.

आता घाटाखाली काय चालले होते ते पाहा. त्याच्या आदल्याच वर्षी, १८९२ साली, मुंबई सरकारने ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांचा खास कायदा केला आणि ती फुले जमवण्यावर, बाळगण्यावर, विकण्यावर बंधने घातली. आपल्याच अंगणात आपल्याच झाडाखाली पडलेले फूल वेचून टोपलीत भरणे हा गुन्हा झाला! कारण काय, तर घरोघर दारू गळली तर सरकारचा महसूल बुडतो. उरणच्या भट्ट्यांत मोहाचीच दारू कर भरून गाळली जात होती. तिला हरकत नव्हती. त्याच १८९२ साली आमच्या शहापूर तालुक्यातल्या तानसा धरणाचे पाणी मुंबईला गेले. पाणी शहराला गेले आणि फुले सरकारजमा झाली. ज्यांच्या घरात उन्हाळ्याचे दोन महिने ती फुले भाजून, शिजवून पोटाला आधार होत होता, त्या ठाकूर-कातकऱ्यांच्या हाती गुन्हेगारीचा शिक्का तेवढा आला.

म्हणजे घाटावर गांजा चालत होता आणि घाटाखाली मोहाचे फूल चालत नव्हते. आज बरोबर उलटे आहे. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने गांजाचे झाड लावण्यास बंदी केली. लावणाराला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि मोहाची फुले महाराष्ट्र सरकारने २०२१ साली बंधनातून मोकळी केली. गंमत अशी की त्याच २०२१ साली सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातील एका शेतकऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला की कोणत्याच पिकाला भाव मिळत नाही, शेती आतबट्ट्याची झाली आहे, तरी मला दोन एकरांत गांजा लावायची परवानगी द्यावी. पोलिसांनी तो प्रसिद्धीचा खटाटोप ठरवला. असेलही. उत्तराखंडात २०१८ पासून याच जातीच्या, पण नशा जवळजवळ नसलेल्या झाडाची धाग्यासाठी परवान्याने लागवड होते. कॅनडात तर त्याच वर्षापासून बहुतेक प्रांतांत घरामागे चार झाडे लावण्याची लोकांना मुभा आहे. तात्पर्य, झाड तेच. कायदा मात्र देशागणिक वेगळा आणि काळागणिक वेगळा.

इथे येऊन पुष्कळ हुशार माणसे टाळी वाजवतात आणि म्हणतात, "पाहिलेत? पाप-पुण्य असे काही नसतेच. सरकारची सोय म्हणजे नीती." मला तेवढी घाई करता येत नाही. मोजपट्ट्या चुकीच्या निघाल्या म्हणून कापडाला लांबीच नसते असे थोडेच ठरते? कायद्याने मोजता येत नसेल तर दुसरे माप शोधावे लागेल, इतकेच.

ते माप मला पुस्तकात सापडले नाही. ते एका रखवालदाराने माझ्या ओटीवर आणून ठेवले.

आमच्या या दोन तालुक्यांत गेल्या काही वर्षांत शहरातल्या लोकांनी खूप जमिनी घेतल्या. तारेचे कुंपण, लोखंडी फाटक, आत एक टुमदार बंगली. मालक महिन्या-दोन महिन्यांनी एखादा दिवस येतो. एरवी तिथे राहते ते रखवालीचे कुटुंब, बहुधा आदिवासी. अशाच एका रखवालदाराचा मुलगा माझ्या वर्गात होता. भाद्रपद संपत आला असताना एका संध्याकाळी तो गृहस्थ आला आणि पंच्याच्या पदरात गुंडाळलेली एक डहाळी त्याने माझ्यापुढे ठेवली.

"गुरुजी, ही अंबाडी हाय का?"

मालकाने पावसाच्या तोंडाला बी आणून दिले होते आणि मागच्या उतारावर, झुडपांच्या आड लावायला सांगितले होते. विलायती अंबाडी आहे, चांगली जोपास, असे त्याला बजावले होते. यानेही इमानाने खुरपले, खत घातले, झाडे पुरुषभर उंच केली. मग एक दिवस बायको भाजीला पाला खुडायला गेली. तिने सवयीने एक पान दातांखाली धरले आणि थुंकून टाकले. म्हणाली, "ही अंबाडी नव्हं. अंबाडी आंबट लागती."

त्या बाईपुढे मी मनातल्या मनात हात जोडले. वनस्पतिशास्त्राची परीक्षा याहून चोख कशी द्यावी? अंबाडीचे पान गांजाच्या पानासारखे दिसते हे खरे. इतके की लॅटिन नाव देताना शास्त्रज्ञांनी तिला 'गांजासारखी' याच अर्थाचे नाव दिले आहे. पण अंबाडीचे पान एकच असते आणि त्याला खोल चिरा असतात; गांजाची दाताळ कडांची पाती एकाच देठाच्या टोकातून सुटी सुटी फुटतात. अंबाडीच्या देठाला बारीक काटे असतात, फूल फिकट पिवळे आणि पोटात काळपट तांबडे असते, आणि पान जिभेला आंबट लागते. पदरातली डहाळी यांपैकी एकाही खुणेला उतरत नव्हती. वासही निराळाच होता.

मी गप्प बसलो. वाचकहो, मास्तरकीच्या इतक्या वर्षांत मला बोलायला एवढे जड कधी गेले नव्हते. का, ते सांगतो. तोवर तो माणूस अजाण होता. त्याने बी लावले ते अंबाडी म्हणून. पाणी घातले ते अंबाडी म्हणून. त्याच्या हातांनी गांजा वाढवला होता, पण मनाने अंबाडीच वाढवली होती. मी एक शब्द उच्चारला की तो जाणता होणार. उद्या सकाळी त्याने त्याच झाडांना पाणी घातले, तर ते आजच्यासारखे निर्दोष राहणार नव्हते. झाड तेच, हात तोच, पाण्याची कळशी तीच. मध्ये फक्त एक शब्द. पाप कुठे रुजते ते मला त्या क्षणी दिसले. ते मातीत रुजत नाही. ते जाणण्यात रुजते.

मी सांगितले. मास्तराने विचारलेल्याचे खरे उत्तर द्यायचे नाही तर कोणी द्यायचे?

तो बराच वेळ बसून राहिला. मग म्हणाला, "उपटली तर मालक काढील. ठेवली तर सरकार नेईल. सांगितली तर दोन्ही व्हायची. आता गुरुजी, तुम्हीच बोला."

भल्या भल्या पंडितांना इतका नेमका पेच मांडता आला नसता. कायद्याचे म्हणणे मला ठाऊक होते. जमीन धारण करणाराने अशा लागवडीची वर्दी दिलीच पाहिजे, आणि सरपंच, गावकामगार यांनाही कळल्यावर गप्प बसता येत नाही. पण कायदा ठाऊक असणे आणि बायकापोरांसह छपराखाली राहणाऱ्या माणसाला 'जा, सांग' असे म्हणणे यात फार अंतर आहे. ज्याची शाकारणीही दुसऱ्याच्या मर्जीवर, त्याला धर्माचरण सांगणे सोपे. त्याचे मोल आपल्याला द्यावे लागत नसते.

मी म्हटले, "तुम्ही एकट्याने जायचे नाही. उद्या सकाळी पोलीस पाटलाकडे मी तुमच्याबरोबर येतो. जे मला सांगितलेत तेच तिथे सांगा, आणि वहिनींनाही बोलू द्या. पान आंबट लागले नाही, एवढे त्या सांगू देत."

तसेच झाले. पोलीस आले, झाडे उपटली गेली, जबाब झाले. बाईच्या साध्या बोलण्यावर साहेबांचा विश्वास बसला आणि त्या कुटुंबावर किटाळ आले नाही. मालकाने मात्र कानांवर हात ठेवले. आपल्याला यातले काहीच ठाऊक नाही, म्हणाला. पुढच्या पंधरवड्यात फाटकाला दुसरे कुलूप लागले, दुसरा रखवालदार आला, आणि माझ्या वर्गातला तो मुलगा आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेला. ऐन दिवाळीच्या सुट्टीत त्याचे नाव हजेरीपटावर तसेच राहिले.

पोलीस पाटलाकडे जाणे योग्यच होते असे मला आजही वाटते. पण योग्य वागल्याचा दंड भरला कोणी? ज्याने बी आणले तो नामानिराळा राहिला. ज्याने सांगितले तो मीही माझ्या पगारावर सुखरूप राहिलो. दंड भरला तो ज्याने खरे काय ते विचारले, त्या माणसाने. नीतीवर लिहिणारांनी हा हिशेब नेहमी पानाच्या वरच्या बाजूला ठेवावा, तळटिपेत नव्हे.

आता त्या मापाकडे येतो. १८९२ नंतर आमच्या आदिवासी बायांनीही मोहाची फुले लपवली असतील. शिपाई पाड्यावर आला की कणगीमागे, चुलीमागे टोपल्या सरल्या असतील. लपवणे हेच पाप मानले तर त्याही पापी ठरतील. पण त्यांनी लपवले ते शिपायापासून. पोटच्या लेकरापासून नाही. लेकरू तर पहाटे बरोबर फुले वेचायला होते, आणि भाजलेले फूल आधी त्याच्याच तोंडात पडत होते. उलट त्या बंगलीच्या मालकाने सरकारपासून तर लपवलेच, पण ज्याच्या घामावर झाड वाढत होते त्या माणसापासूनही लपवले. तेव्हा 'लपवले की नाही' हा प्रश्न अपुरा आहे. 'कोणापासून लपवले' हा खरा प्रश्न. सरकारपासून लपवावे लागत असेल तर कदाचित सरकारच चुकत असेल. इतिहासात तसे अनेकदा झाले आहे. परंतु जे आपल्या लेकरापासून, आपल्या कामकऱ्यापासून, आपल्या शेजाऱ्यापासून लपवावे लागते, त्याचा निवाडा आपल्याच मनाने आधी करून ठेवलेला असतो. तिथे दुसरे न्यायालय लागत नाही.

हे माप फक्त गांजावाल्याला लावले तर तो ढोंगीपणा होईल. परवाना भिंतीवर टांगून बसलेल्या धंद्यालाही ते लागते. तंबाखूची शेती कायदेशीर आहे. ती पिकवणारा कोणापासून लपवत नाही. पण आपल्या दहा वर्षांच्या पोराला तो चिमूटभर देईल काय? शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकू नये असा कायदा २००३ पासून आहे, आणि गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. तरी शाळेच्या कुंपणापाशी रिकाम्या पुड्या सापडतात आणि झाडणाऱ्या मुलांच्या केरसुणीला लागतात. त्या पुडीमागे कोणीतरी शेतकरी आहे, कोणी कारखानदार आहे, कोणी टपरीवाला आहे, आणि प्रत्येकाचे म्हणणे एकच: 'मी फक्त एवढेच केले.' लावणारा म्हणतो मी फक्त लावले, नेणारा म्हणतो मी फक्त नेले, विकणारा म्हणतो मी फक्त विकले. पापाचे असे वाटे घातले की प्रत्येकाच्या पानात इतके थोडे पडते की कोणालाच ते कडू लागत नाही.

पोटाची गोष्ट मी विसरलेलो नाही. २०२४-२५ च्या हंगामात साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला २३०० रुपये होता. एवढ्यात घर चालवून दाखवा, असे एखाद्या मुरबाडकर शेतकऱ्याने मला म्हटले तर माझ्याजवळ उत्तर नाही. मोहोळच्या त्या अर्जदाराची मला म्हणूनच चीड येत नाही. त्याने निदान जे मागायचे ते भर चावडीवर मागितले. त्याचा अर्ज हे गांजाविषयीचे म्हणणे नव्हतेच. ते ज्वारी-कांद्याविषयीचे म्हणणे होते. अशा माणसाला 'पापी' म्हणून पान उलटणे सोपे आहे. त्याच्या ज्वारीला भाव देणे कठीण आहे, आणि सोपे ते करून कठीण ते टाळणे, यालाही नीतीत काहीतरी नाव असलेच पाहिजे.

वाचकहो, हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा लक्ष्मीपूजनाची तयारी चालू असेल. चौरंगावर वह्या ठेवाल, नाणी ठेवाल, कोणी दागिने ठेवील. हळदकुंकू वाहताना शेजारी घरातले लहान मूल बसलेले असेलच. त्याने समजा एखाद्या नाण्यावर बोट ठेवून विचारले, "हे कुठून आले?" तर त्याला अडखळल्यावाचून सांगता यावे. सगळ्याच नाण्यांचे सांगता येईल असे नाही; संसार कोणाचाच तितका निर्मळ नसतो. पण ज्या नाण्याचे सांगता येणार नाही, ते निदान आपल्याला ओळखू यावे. पान आंबट लागत नाही, हे त्या बाईला कळले होते. तिने ते थुंकून टाकले आणि दुसऱ्या दिवशी पोलीस पाटलाच्या ओसरीवर पदर सावरून, खाली मान घालून, पण स्पष्ट आवाजात सांगितले. तेवढी जीभ शाबूत असली म्हणजे झाले.